पहिली गाडी घ्यायची कशी आणि पोसायची कशी

२०२१ च्या पितृपंधरवड्यात मी पाच वर्षं वापरलेली वॅगन आर ३ लाख ४० हजारांना ठरवली. आईने तोंड वाकडं केलं, "या दिवसांत कुणी गाडीचा सौदा करतं का?" पण त्या पंधरा दिवसांत जुन्या गाड्यांच्या डीलरकडे चिटपाखरू नसतं. दसऱ्याला जो माणूस रुपया सोडत नाही, तोच पितृपक्षात स्वतःहून चहा मागवतो. मला २० हजार सुटले. चावी मात्र आईच्या समाधानासाठी घटस्थापनेला घेतली.

मी एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. सवयीने गाडीच्या कप्प्यात एक वही टाकली आणि गाडीवर गेलेला प्रत्येक रुपया लिहीत गेलो. पहिल्या वर्षाचं पान असं आहे: कर्जाचे हप्ते ७९,७१६, पेट्रोल ६७,२००, इन्शुरन्स ७,४००, दोन सर्व्हिसिंग मिळून ७,२००, चार टायर १५,२००, बॅटरी ४,३००, सोसायटीचं पार्किंग ६,०००, टोल ३,०००. बेरीज १ लाख ९० हजार १६. म्हणजे महिन्याला जवळपास १६ हजार. हप्ता होता फक्त ६,६४३ चा.

नवखा माणूस इथेच फसतो. "साडेसहा हजारांचा हप्ता बसतोय, घेऊन टाकू" म्हणतो आणि वरचे नऊ हजार कुठून येणार याचा विचार गाडी दारात आल्यावर करतो. त्यामुळे हा लेख शोरूमपासून नाही, खिशापासून सुरू होतो.

पहिली पायरी: गाडी नसताना गाडीचा खर्च करून बघा

तीन महिने काढा. गाडी आली आहे असं समजून महिन्याचा अंदाजी आकडा, म्हणजे हप्ता आणि साधारण तेवढीच किंवा त्याहून थोडी जास्त रक्कम, पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका. रिकरिंग उघडलं तर उत्तम. तिसऱ्या महिन्यात त्या पैशाला हात लावावा लागला, तर आकडा मोठा झाला. गाडी लहान करा किंवा सहा महिने थांबा. हात लागला नाही, तर डाउन पेमेंटमध्ये तेवढी भर पडली. दोन्हीकडून फायदाच.

आणखी एक. साठवलेले सगळे पैसे डाउन पेमेंटला घालू नका. जुनी गाडी पहिल्या तीन-चार महिन्यांत काही ना काही मागतेच. माझ्या गाडीने दुसऱ्याच महिन्यात बॅटरी मागितली, तीही सकाळी पावणेसातला, मुलीच्या शाळेच्या वेळेला. तीस-चाळीस हजार बाजूला राहू द्या.

दुसरी पायरी: कर्ज

आधी स्वतःचा क्रेडिट स्कोअर बघा. ३०० ते ९०० मधला आकडा असतो, ७५० च्या वर असेल तर बँक नीट बोलते. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जुनं क्रेडिट कार्ड बंद केलं पण चारशे रुपये थकीत दिसतायत, असले घोळ त्यात सापडतात. ते गाडी बघण्याआधी निस्तरा.

आता दराचा विषय, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात सफाईने गंडवतात ते इथेच. मला २ लाख हवे होते. डीलरच्या टेबलावर बसलेल्या फायनान्सवाल्याने सांगितलं, "साहेब, फक्त आठ टक्के." माझी बँक १२ म्हणत होती. मी जवळपास सही करणार होतो. मग कॅल्क्युलेटर काढला. त्याचे आठ टक्के 'फ्लॅट' होते. म्हणजे तीन वर्षं पूर्ण २ लाखांवर व्याज, मध्ये कितीही मुद्दल फिटलं तरी. २ लाखांवर वर्षाला १६ हजार, तीन वर्षांचे ४८ हजार, हप्ता ६,८८९. बँकेचे १२ टक्के 'रिड्युसिंग' होते, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज. हप्ता ६,६४३, तीन वर्षांचं व्याज ३९ हजारांच्या आसपास. म्हणजे आठवाला बारावाल्यापेक्षा महाग. त्याचे आठ टक्के आपल्या नेहमीच्या हिशोबात साडेचौदाच्या घरात जातात.

त्यामुळे तोंडी सांगितलेल्या दरावर जाऊच नका. तीनच गोष्टी विचारा: हातात किती पडणार, हप्ता किती, हप्ते किती. हप्ता गुणिले महिने, वजा हातात पडलेली रक्कम. उरलं ते कर्जाचं भाडं. प्रोसेसिंग फी, 'फाइल चार्ज', गळ्यात मारलेला कर्जविमा, सगळं त्यात उघडं पडतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावाच लागतो. त्यात सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन ठिकाणची तुलना त्याच आकड्यावर करा. तो कागद द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर उठून या.

मुदत जितकी लांब तितका हप्ता गोड. तेच २ लाख १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता ४,४४९ वर येतो, पण व्याज ६७ हजारांवर जातं. आणि पाचव्या वर्षी तुम्ही दहा वर्षं जुन्या गाडीचे हप्ते भरत असता, तेव्हा गाडीही खर्च मागते आणि बँकही. जुन्या गाडीला तीन वर्षं, फार तर चार. नव्या गाडीला पाच. सात वर्षांचा हप्ता सांगणारा माणूस तुम्हाला परवडत नसलेली गाडी विकतोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

कर्ज कुठून? राष्ट्रीयीकृत बँकेत दर कमी, पण शाखेत दोन-चार फेऱ्या. जुन्या गाडीला नव्यापेक्षा दोन-चार टक्के जास्त दर लागतो. नोकरदारांची पतसंस्था असेल तर आधी तिथे विचारा. हप्ता पगारातून कापून जातो आणि बऱ्याचदा आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, कर्जाचा बोजाही चढत नाही. घरात मोडीत निघालेले दागिने असतील तर सोनेतारण कर्जाचा दरही बघा, थोड्या रकमेला ते स्वस्त पडू शकतं. अर्थात दागिने कुणाचे आहेत त्यांना विचारून. मुदतीआधी कर्ज फेडायला दंड किती, हे सहीच्या आधी विचारा. गाडीची बरीच कर्जं फिक्स्ड दराची असतात आणि त्यावर तो दंड लागू शकतो.

तिसरी पायरी: नवी की जुनी, पेट्रोल की सीएनजी

बजेट घट्ट असेल तर माझं उत्तर सरळ आहे: तीन ते सहा वर्षांची, छोटी, पेट्रोल, पहिल्याच मालकाची. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना जो घसाऱ्याचा तक्ता वापरतात, त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची घट ५० टक्के धरतात. ती पहिली निम्मी घट दुसऱ्या कुणीतरी सोसलेली बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या, हे खरं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की जुन्या गाडीचा भावही त्या हिशोबात उतरला पाहिजे. विकणारा जुन्या ऑन-रोड किमतीचं बिल दाखवत असेल, तर आजची किंमत त्याच्यासमोर ठेवा.

महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या खाली चालणार असेल तर सीएनजीच्या मागे लागू नका. निम्मी डिकी जाते, रांगेत वेळ जातो, आणि किटचे पैसे सुटायला दोन-तीन वर्षं लागतात. रोज चिंचवड ते हिंजवडी किंवा ठाणे ते अंधेरी असेल तर मात्र घ्या. पण बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढलेलं आहे ना, इन्शुरन्समध्ये आहे ना, आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे ना, हे तपासा. ती दर तीन वर्षांनी करावी लागते.

जाहिरातीत दिल्ली पासिंगची गाडी भलतीच स्वस्त दिसेल. दिल्ली आणि आसपास १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या आपल्याकडे ओघाने येतात. गोवा पासिंगही तसंच मोहात पाडतं. दुसऱ्या राज्याची गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिकडची एनओसी आणून इथे नव्याने नोंदणी करावी लागते, इथला रोड टॅक्स भरावा लागतो. तो आकडा किमतीत मिळवा, मग ठरवा स्वस्त की महाग.

चौथी पायरी: गाडी बघायला जाताना

ओळखीचा फिटर सोबत न्या. पाचशे-हजार घेईल, पण ते पैसे वसूल होतात. दिवसा जा, पावसात आणि रात्री नको. ओल्या रंगावर आणि ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या नव्या दिसतात. मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्याने गाडी तापवून ठेवली आहे, म्हणजे सकाळच्या स्टार्टिंगचा काहीतरी त्रास लपवतोय.

गार इंजिन चालू होताना मागे जाऊन सायलेन्सर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नाही म्हणजे इंजिनात कूलंट जातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, हे त्यातल्या त्यात कमी दुखणं. इंजिन बंद करून ऑइलचं झाकण उघडा आणि उलटं करून बघा. आतल्या बाजूला दह्यासारखा पांढरट थर असेल, तर नमस्कार करून परत या.

मीटरवर विश्वास ठेवू नका. पाच वर्षांच्या गाडीचं मीटर २८ हजार दाखवतंय आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चकाकतंय, म्हणजे मीटर मागे घेतलंय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन आधीच्या सर्व्हिसच्या नोंदी विचारा. मालक सोबत असेल तर सहसा सांगतात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बनावटीची खूण असते. पाच काचा एका सालाच्या आणि एक वेगळी, तर त्या बाजूला काय झालं ते विचारा. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसू दे, सहा वर्षांवरचा टायर मी बदलायचाच धरतो आणि त्याचे पैसे किमतीतून मागतो.

माझी गाडी मिळायच्या आधी एक गाडी जवळपास पक्की केली होती. एमएच १०, म्हणजे सांगली पासिंग, पांढरी शुभ्र, आत नवी सीट कव्हरं, अत्तराचा वास. भाव बाजारापेक्षा ४० हजारांनी खाली. सोबतचा फिटर काही न बोलता मागच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट ओढायला लागला. ओढत राहिला, अगदी शेवटापर्यंत. शेवटची वीतभर पट्टी चहात बुडवल्यासारखी तपकिरी होती आणि त्यावर एक सरळ रेघ होती. मग त्याने पुढची सीट मागे सरकवली, रुळाखालून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. वाळलेला बारीक गाळ. २०१९ चा पूर त्या गाडीने पाहिला होता. डीलर म्हणाला, "पूर नाही हो, धुताना पाणी गेलं असेल." आम्ही चहा न पिता निघालो. तेव्हापासून कुणीही गाडी दाखवायला बोलावलं की मी आधी सीटबेल्ट ओढतो.

मग गाडी मारून बघा, अर्धा तास तरी. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला इंजिनाचा आवाज वाढतोय पण गाडी ओढत नाही, तर क्लचप्लेट संपली. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला जाते का? ब्रेक मारल्यावर पॅडल थरथरतं का? एसी लावून ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभे राहा आणि तापमानाचा काटा बघा.

पाचवी पायरी: कागद

रंग टचअप करता येतो, कागद येत नाही. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की मालक कितवा, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, कुठल्या बँकेचा बोजा आहे, हे दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. मी तपासलं नव्हतं. एजंट म्हणाला "होऊन जाईल", आणि ट्रान्स्फरच्या वेळी आधीच्या मालकाची सिग्नल तोडल्याची जुनी चलनं निघाली. २,३०० रुपये मी भरले. रक्कम मोठी नाही, पण दुसऱ्याच्या सिग्नल तोडण्याचे पैसे भरताना जीव जळतो.

गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज काढलं असेल तर फॉर्म ३४. सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेली छापही मागतात. ती गाडी ताब्यात घेतानाच दोन-तीन काढून ठेवा. आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा असेल तर त्याच्या बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "राहू द्या हो, चालतं तसंच" असं म्हणणारे भेटतील. घेणाऱ्याला नाही तरी विकणाऱ्याला ते फार महागात पडू शकतं. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की गाडी कितीही हात बदलून गेलेली असो, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. विकणाऱ्याला हे सांगा. तोच तुमच्या आधी आरटीओच्या दारात उभा राहील.

नंबरप्लेटही बघून घ्या. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट मुळातूनच असते, त्याआधीच्या गाडीला बसवली नसेल तर तो खर्च आणि ती धावपळ तुमची.

सहावी पायरी: इन्शुरन्स

गाडीसोबत आलेली पॉलिसी तुमच्या नावावर नसेल तर तुमच्या गाडीचं नुकसान ती भरून देणार नाही. समोरच्याची भरपाई होईल, तुमची नाही. १४ दिवसांत कंपनीला अर्ज करून नाव बदला. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. फरक भरावा लागतो.

थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या भरपाईचा, दर सगळीकडे सारखा, सरकारच ठरवतं. २०२२ मध्ये हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ आणि १५०० सीसीपर्यंत ३,४१६ असा ठरला होता. घासाघीस करायची ती 'ओन डॅमेज'च्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागावर. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घ्या, कारण साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराचे निम्मेच पैसे मिळतात आणि आजकालचा बंपर म्हणजे प्लॅस्टिकच. पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्टही घ्या.

छोट्या खरचटीला क्लेम करू नका. बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० पर्यंत चढतो. एक क्लेम केला की शून्य. तीन हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी पाच वर्षांची चढण पुन्हा चढायची का? शिवाय पहिले हजार रुपये तुमच्याच खिशातले. पॉलिसी संपून ९० दिवस गेले तरी बोनस जातो, म्हणून तारीख फोनमध्ये टाका. इन्शुरन्सशिवाय पकडलं तर पहिल्यांदा २,००० दंड, दुसऱ्यांदा ४,०००. पण खरी भीती दंडाची नाही. कुणाला धडक बसली तर लाखांचा बोजा घरावर येतो.

सातवी पायरी: चालवणं

ॲव्हरेज किती देते, हे मित्रांना विचारू नका, स्वतः मोजा. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी तशीच फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले लिटर. माझी शहरात १५ देते, हायवेला २०. वहीत हा आकडा सलग लिहिला की गाडी आजारी पडायच्या आधी कळतं. एकदा १५ वरून १२.५ वर आली. मागच्या चाकाचा ब्रेक चिकटत होता, दीडशे रुपयांत काम झालं.

टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, टायर गार असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना ३५ भरतो. नायट्रोजनला जास्तीचे पैसे देऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आणि फार घातक. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाचं पेट्रोलच बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातच राहतं. वर ब्रेक तापून निकामी व्हायचा धोका. खंबाटकी असो की वरंधा, ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. आणि सिग्नलला क्लचवर पाय ठेवून बसू नका. क्लचप्लेटचं काम निघालं की महिन्याचं बजेट गेलं.

फास्टॅगचा वार्षिक पास २०२५ मध्ये ३,००० ला सुरू झाला. तो २०० फेऱ्यांसाठी आहे, पण फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेंच्या टोलनाक्यांवर चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याचा, तिथे नाही चालत. पुण्याहून सातारा-कोल्हापूर बाजूला वारंवार जाणाऱ्याला पास सुटतो, फक्त मुंबईला जाणाऱ्याला नाही.

आठवी पायरी: सांभाळणं

वॉरंटीत असेपर्यंत कंपनीचं सर्व्हिस सेंटर. नंतर ओळखीचं गॅरेज, जिथे समोर उभं राहून काम बघता येतं. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर. यात चालढकल नको. हजारो रुपयांची दुखणी बाराशे-पंधराशेच्या ऑइलने टळतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला. कूलंटऐवजी नळाचं पाणी घालू नका, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नका.

सर्व्हिसच्या अंदाजपत्रकात इंजिन फ्लशिंग, इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग असं काही दिसलं की "हे नको" म्हणायला शिका. बहुतेक वेळा ते गाडीपेक्षा बिलासाठी असतं. बदललेले पार्ट परत मागा, डिकीत टाकायला सांगा. मागणाऱ्याच्या गाडीला खरंच नवे पार्ट बसतात. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर घरी बदला, दोन क्लिपांचं काम आहे.

पावसाळ्याआधी वायपरची रबरं, टायरची नक्षी (१.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद) आणि बॅटरी. कोकणात जाऊन आलात तर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुऊन घ्या, समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने पत्रा खालून खातो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल मारला तर आतले रॉड वाकतात. ढकलत बाजूला घ्या, टोइंगला फोन करा.

उंदीर हा वेगळा अध्याय आहे. सोसायटीत आठवडाभर उभ्या गाडीच्या बोनेटमध्ये ते संसार थाटतात आणि वायरी कुरतडतात. कुणी तंबाखूची पानं बांधतं, कुणी डांबराच्या गोळ्या टाकतं; आमच्याकडच्या उंदरांनी दोन्ही पचवलं. उपयोग झाला तो एवढाच: गाडीत खाण्याचे कण राहू द्यायचे नाहीत, आणि दर दोन दिवसांनी गाडी हलवायची. रात्री बोनेट उघडं ठेवणारे शेजारीही आहेत, पण मला ते धाडस होत नाही.

शेवटचा हप्ता गेल्यावर

माझा हप्ता २०२४ च्या ऑक्टोबरात संपला. बँकेचा मेसेज आला, आम्ही पेढे आणले आणि विषय संपला असं समजलो. संपत नाही. आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो, तो आपण उतरवायचा असतो. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती घ्यायच्या, परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करायचा, फी भरायची. एनओसीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते. माझी कपाटात पडून बाद झाली, दुसरीसाठी बँकेत तीन फेऱ्या झाल्या. बोजा उतरल्यावर इन्शुरन्स कंपनीलाही कळवा, नाहीतर पॉलिसीवर बँकेचं नाव राहतं आणि मोठ्या क्लेमच्या वेळी अडतं.

आता दर महिन्याचे ६,६४३ मी रिकरिंगमध्ये टाकतो. वहीत त्याच्यासमोर 'हप्ता' असंच लिहितो. गेल्या जूनमध्ये क्लचप्लेट आणि दोन टायर त्यातूनच झाले.